आवाज बदला, कॅटला हात लावू नका

सायलेन्सरबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची मागणी एकच आहे. आवाज जरा भारदस्त व्हावा, पण चेक इंजिनचा दिवा लागू नये, पीयूसीत गाडी अडकू नये आणि चौकात पावती फाटू नये. पहिल्या दोन गोष्टी नीट काम केलं तर जमतात. तिसरीबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे, ते पैसे खर्च करण्याआधी वाचा.

प्रश्न : माझी बीएस-६ स्विफ्ट आहे, १.२ लिटर, चार सिलिंडरची. आवाज थोडा जाड हवा आहे. गॅरेजवाला म्हणतो, "कॅट काढून सरळ पाइप टाकू, आवाजही येईल, पिकअपही वाढेल." काय करावं? (कोल्हापूर)

उत्तर : कॅट काढू नका, आणि जो काढायला सांगतो त्याच्याकडे हे काम देऊच नका.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा. हल्लीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत तो इंजिनाला अगदी चिकटून असतो. थंड इंजिन सुरू झाल्यावर तो लवकर तापावा, हा त्यामागचा हेतू. साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तो कामाला लागतो. त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिल्याकडे बघून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो. दुसरा कॅटवर पहारा ठेवतो. कॅट चांगला असेल तर दुसऱ्या सेन्सरचा आकडा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. कॅट काढला की तोही वरखाली नाचायला लागतो आणि पी-०४२० हा कोड येतो. मग त्याच गॅरेजमध्ये सेन्सरखाली लांब नट बसवून त्याला 'गंडवतात'. दिवा विझतो, धूर तसाच राहतो. पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमची मर्यादा आहे. हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी बरोबर असतानाही इंजिनातून निघणाऱ्या कच्च्या धुरात सीओ साधारण अर्धा ते एक टक्का असतो. कॅटशिवाय ही मर्यादा पाळणार कशी?

पिकअपचं म्हणाल तर पाइप मोकळा झाला म्हणून ८०-९० अश्वशक्तीच्या इंजिनाला जाणवेल असं काही मिळत नाही. आवाज वाढल्यामुळे गाडी जोरात पळते असं वाटतं, एवढंच. उलट पाइप फार मोठा घेतला तर वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला, म्हणजे शहरात जिथे गाडी चालते तिथेच, ती सुस्त वाटू शकते.

म्हणून हद्द अशी आखा : मागच्या ऑक्सिजन सेन्सरपासून इंजिनाकडचं काहीही हलवायचं नाही. बंपरकडच्या भागात मधला छोटा डबा म्हणजे रेझोनेटर आणि शेवटचा मोठा डबा म्हणजे मफलर असतो. तुम्ही फक्त शेवटचा डबा बदला. रेझोनेटर राहू द्या. तो काढणं स्वस्त आणि सोपं, म्हणून बरेच जण त्यालाच आधी कापतात. पण पत्र्याचा डबा वाजल्यासारखा फाटका आवाज हाच रेझोनेटर गिळत असतो. तो गेला की आवाज जाड होण्याऐवजी कर्कश होतो.

कंपनीच्या मफलरमध्ये सहसा आडव्या भिंती आणि कप्पे असतात. त्यात लाटा एकमेकींवर आपटून मरतात आणि खालच्या पट्टीचा आवाज बराच दबतो. त्याऐवजी सरळ जाळीदार नळी आणि भोवती लोकर असा मफलर घ्या. लोकर वरच्या पट्टीचा किरकिराट शोषते आणि खालचा घुमारा जाऊ देते. तुम्हाला हवा असलेला 'जाडपणा' इथून येतो. निवडताना चार गोष्टी बघा. आतल्या नळीचा व्यास मूळ पाइपाएवढा असावा. व्हर्निअरने मोजा, नजरेने ठरवू नका. या इंजिनाला दोन इंचांच्या पुढे जाण्याचं काही कारण नाही. डबा लहान घेतला की आवाज वाढतो, म्हणून जागेत बसेल तेवढा लांब घ्या, ३५ ते ४५ सेंटिमीटर. आत नुसती काचेची लोकर कोंबलेली नको. नळीला लागून स्टेनलेस स्टीलच्या तारेचा थर आणि त्याबाहेर लांब धाग्याची काचेची किंवा बेसाल्टची लोकर हवी. नाहीतर धुराच्या झोताने लोकर जाळीतून उडून जाते आणि आवाज महिन्यागणिक वाढत जातो. विकत घेताना छान वाटलेला मफलर पुढे गल्लीला नकोसा होतो, तो यामुळे. चौथी गोष्ट पत्रा : एसएस ४०९ पुरतो, एसएस ३०४ जास्त टिकतो. खिशात चुंबक ठेवा. ४०९ ला तो चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही.

जुना सायलेन्सर कापू नका. फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, बोल्टने जोडलेला असेल तर अख्खा काढून घरी ठेवा आणि नवा त्याच फ्लँजवर बसेल असा बनवून घ्या. एकसंध पाइप असेल तर तसलाच दुसरा जुना पाइप मिळवून त्यावर काम करा. गाडी विकताना, वॉरंटीच्या वेळी किंवा मन बदललं तर मूळ माल अर्ध्या तासात परत चढतो.

प्रश्न : वरच्यासारखंच काम मला करायचं आहे. फॅब्रिकेटर ओळखीचा आहे, पण त्याने आजवर गेट आणि ग्रिलच केली आहेत. त्याला काय काय सांगू? (बार्शी)

उत्तर : पहिलं म्हणजे वेल्डिंग गाडीवर करायचं नाही. पाइप गाडीवर बसवून फक्त खुणा आणि दोन-तीन टाचे, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारायचे, मग खाली उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड. टाचे मारतानाही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि वेल्डिंगची अर्थ त्याच पाइपाला, टाच्याजवळ लावा. अर्थ दूर चेसिसला लावली तर करंट बेअरिंगमधून, वायरिंगमधून, कधी ईसीयूमधून वाट काढतो. मागच्या डब्याजवळ पेट्रोलची टाकी असते, सीएनजी गाडीत डिकीत सिलिंडर असतो, हे त्याला मुद्दाम दाखवा.

ग्रिलची काठी-वेल्डिंग इथे चालत नाही. पाइपाचा पत्रा सव्वा ते दीड मिलिमीटरचा असतो, त्याला भोकं पडतात. टिग, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणात होणारं बारीक वेल्डिंग, लागतं. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८-एल, आणि ३०४ ला मूळ ४०९ किंवा साधं लोखंड जोडताना ३०९-एलची तार. आतून आर्गॉन सोडला नाही तर जोडाच्या आतल्या बाजूला काळी साखरेसारखी खरखर तयार होते. तिथूनच गंज धरतो आणि फुटतो. वळण मशिनवर, आत आधार ठेवून वाकवलेलं हवं. आधाराशिवाय दाबून वळवलेला पाइप वळणावर चपटा आणि अरुंद होतो.

बसवताना सगळे बोल्ट हाताने अर्धवट लावा. रबर हँगर चढवा, पाइप मध्यावर आणा आणि मगच पुढून मागे आवळत या. आधीच आवळला तर पाइप तिरका अडकतो आणि हँगरला ताण बसतो. बॉडी, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल यांपासून सगळीकडे किमान २० मिलिमीटर मोकळं हवं, प्लॅस्टिक बंपरपासून आणखी जास्त. इंजिन माउंटिंगवर डोलतं, म्हणून उभ्या गाडीत न लागणारा पाइप क्लच सोडताना लागू शकतो. टोक बंपरच्या कडेबाहेर यायलाच हवं. आतच संपलं तर धूर गाडीमागच्या भोवऱ्यात अडकून डिकीच्या रबरातून आत खेचला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जोड गळतो का हे पाहण्यासाठी थंड इंजिन सुरू करून, हातमोजे घालून, टोकावर ओली चिंधी चार-पाच सेकंद दाबा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसतील. नंतर काही दिवसांनी जोडाशी काळी काजळी दिसली तर तीही गळतीच. पहिल्यांदा पूर्ण तापून गार झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे.

एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी चुकते. जोडाला सिलिकॉनची ट्यूब फासतात. सेन्सरच्या अलीकडे साधं सिलिकॉन वापरलं तर त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसते आणि सेन्सर मंद पडतो. फ्लँजला नवं ग्राफाइट गॅस्केट टाका. सेन्सर काढायची वेळ आलीच तर आट्यांना निकेलचं अँटी-सीझ लावा आणि टोकाला बोटही लावू नका.

प्रश्न : नेक्सॉन पेट्रोलला बाहेरचा मफलर लावला. बाहेरून आवाज मस्त आहे, पण हायवेवर २२०० आरपीएमला केबिनमध्ये असं घुमतं की अर्ध्या तासात डोकं दुखतं. लोकर वाढवून उपयोग झाला नाही. (नाशिक)

उत्तर : लोकरीने होणारही नव्हता. लोकर वरच्या पट्टीचा आवाज खाते. तुमचा त्रास अगदी खालच्या पट्टीचा आहे.

आधी एक सोपी तपासणी करा. गाडी रॅम्पवर घेऊन पाइप गार असताना हाताने चारी बाजूंना हलवा. कुठे बॉडीला टेकतोय का, हँगरचं रबर ताणून दगड झालंय का, ते पाहा. घुमण्याच्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात, कारण टेकलेला पाइप अख्खी फरशी वाजवतो.

तसं नसेल तर हिशेब करू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. नेक्सॉनचं १.२ टर्बो तीन सिलिंडरचं आहे. २२०० भागिले ६०, गुणिले दीड, म्हणजे सेकंदाला ५५ ठोके, ५५ हर्ट्झ. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकटचं अ‍ॅप घ्या, शेजारच्याला २२०० ला गाडी स्थिर चालवायला सांगा आणि पाहा. ५५ च्या आसपास सुळका दिसला तर निदान पक्कं.

अशा एकाच पट्टीच्या आवाजाला बाजूची बंद नळी मारते. मुख्य पाइपाला एक फांदी जोडायची, तिचं दुसरं टोक बंद. लाट आत जाऊन परत येते तेव्हा ती मूळ लाटेच्या बरोबर उलट असते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. त्यासाठी नळीची लांबी लाटेच्या पावपट हवी : आवाजाचा वेग भागिले (चार गुणिले हर्ट्झ). गरम वायूत आवाज हवेतल्यापेक्षा जोरात जातो. दीडशे अंशांना सेकंदाला सुमारे ४१२ मीटर, दोनशेला ४३६. म्हणजे तुमच्या ५५ हर्ट्झला १.८७ ते १.९८ मीटरची नळी लागेल. गाडीखाली ती ठेवणार कुठे? त्याच आरपीएमला चार सिलिंडरच्या गाडीत ठोके ७३ आणि नळी १.४ मीटर, ती कशीबशी मावते. तीन सिलिंडरच्या गाड्यांना बाहेरचा मफलर लावल्यावर घुमण्याचा जास्त त्रास होतो, त्याचं एक कारण ठोक्यांची ही खालची पट्टी.

म्हणून तुमच्यासाठी डबा आणि मान. पाच लिटरचा बंद डबा (१५ सेंटिमीटर व्यास, २९ सेंटिमीटर लांब) आणि त्याला मुख्य पाइपाशी जोडणारी ३२ मिलिमीटर आतल्या व्यासाची, २० सेंटिमीटर लांबीची मान. दीडशे अंश धरले तर हा ५५ हर्ट्झच्या जवळ वाजतो. मान आखूड केली की पट्टी वर सरकते, लांब केली की खाली. बंद डब्यातला वायू मुख्य पाइपातल्यापेक्षा गार राहतो, त्यामुळे प्रत्यक्ष पट्टी हिशेबापेक्षा थोडी खाली येते. मान मुद्दाम दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवा आणि चालवून पाहत कापत आणा. कापणं सोपं, वाढवणं कटकटीचं. सरळ नळी बसवणाऱ्यांनीही हेच करावं. फांदी टोकाजवळ घेऊ नका. उघड्या टोकाशी दाबाची लाट नसल्यासारखीच असते, तिथे डबा नुसता लटकतो. मागच्या सेन्सरच्या पलीकडे आणि मफलरच्या अलीकडे जागा शोधा. डब्याच्या तळाला तीन मिलिमीटरचं भोक ठेवा, नाहीतर पाणी साचून आकारमान कमी होईल आणि सूर बदलेल.

एवढं सगळं करायचं नसेल तर मूळ मफलर परत बसवा. तो ज्यांनी बनवला त्यांनी हाच हिशेब केलेला असतो.

प्रश्न : अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फट्-फट् फटाके वाजतात तसं रिमॅपने, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून, करता येतं असं कळलं. यात कॅट काढावा लागत नाही ना? मग नुकसान काय? (सांगली, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

उत्तर : कॅट काढावा लागत नाही. तो आतून जळून आपोआपच जातो.

पाय काढला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. उतारावर गाडी पेट्रोल पीत नाही, ती यामुळे. फटाक्यांच्या मॅपमध्ये पाय काढल्यावरही पेट्रोल चालू ठेवतात आणि ठिणगी उशिरा देतात. ते मिश्रण सिलिंडरमध्ये पूर्ण जळत नाही, एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं. तुम्ही ऐकता तो तो स्फोट. कॅट इंजिनाला चिकटून असल्याने उरलेलं जळणं त्याच्या मधाच्या पोळ्यासारख्या विटेतच होतं. नऊशे-हजार अंशांच्या घरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि कामाचा पृष्ठभाग घटतो. हे परत दुरुस्त होत नाही. त्याहून तापला तर वीट वितळते, तुटते, तुकडे पाइप तुंबवतात. टर्बो असेल तर त्याच्या टर्बाइनलाही हाच मार बसतो. विनाकारण पेट्रोल जातं ते वेगळं. हे करू नका.

प्रश्न : बीएस-६ डिझेल एसयूव्ही. मागचा मफलर बदलला तर आवाज सुधारेल का? (नागपूर)

उत्तर : फारसा नाही. डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरची, वीट हाच मोठा सायलेन्सर आहे. त्यातून येईपर्यंत ठोक्यांचा जोर गेलेला असतो. मफलर बदलून थोडी टर्बोची शिट्टी ऐकू येईल. डिझेलचा जो टकटकाट तुम्हाला ऐकू येतो तो इंजिनाच्या ब्लॉकमधून येतो, पाइपातून नाही. डीपीएफ साफ होताना आत ५५० ते ६५० अंश तापमान होतं, त्यामुळे स्वस्त लोकर आणि रंग दोन्ही जळतात. दाब आणि तापमान मोजणाऱ्या बारीक नळ्या-वायरी डीपीएफच्या आजूबाजूला असतात. काही गाड्यांत ईजीआरसाठी, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडण्यासाठी, तो डीपीएफनंतरच्या पाइपातून घेतात, म्हणून तिथला पाइपही 'आपलाच' समजू नका. पैसे वाचवा.

प्रश्न : सीएनजीवरची वॅगन-आर, दापोलीत चालते. तीन वर्षांत सायलेन्सर सडला. गॅरेजमध्ये पत्रा ठोकून वेल्ड केला, चार महिन्यांत पुन्हा फुटला. डब्याच्या तळाला कंपनीनेच भोक पाडलेलं होतं, तेही त्यांनी बुजवलं. (दापोली)

उत्तर : ते भोक बुजवायचं नव्हतं. तीच पाणी जायची वाट. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. सीएनजीत हायड्रोजन जास्त, म्हणून एक किलो सीएनजीमागे सव्वादोन किलो पाणी. लांब पल्ल्यावर ते वाफ होऊन निघून जातं. घर ते बाजार, बाजार ते घर अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत मागचा डबा शंभर अंशांपर्यंत तापतच नाही. पाणी तळाशी साचतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून खातात. बाहेरून कोकणची खारी हवा. आतून-बाहेरून सडलेल्या पत्र्यावर ठिगळ वेल्ड केलं की वेल्डशेजारचा पातळ पत्रा आणखी कमकुवत होतो, म्हणून चार महिने.

डबा नवा घ्या. मूळ कंपनीचा किंवा एसएस ४०९ चा. समुद्राकाठी ३०४ चा जास्त टिकतो. सर्वांत खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचं भोक असल्याची खात्री करा आणि पावसाळ्यात चिखलाने बुजलं तर तारेने मोकळं करा. तिथून थेंब गळताना दिसले तर काळजीचं कारण नाही. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवा. फुटका सायलेन्सर तसाच चालवू नका. आवाजापेक्षा पायाखालून केबिनमध्ये शिरणारा धूर जास्त वाईट. पीयूसीतही गळतीतून बाहेरची हवा मिसळते आणि लॅम्डाचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, आकडा बिघडतो.

प्रश्न : नवा मफलर बसवल्यापासून चेक इंजिन लागला आहे. कॅटला कोणी हात लावलेला नाही. (लातूर)

उत्तर : मग गळती शोधा, आणि ती इंजिनाच्या बाजूला शोधा. पाइपातला दाब एकसारखा नसतो, ठोक्याठोक्याने वरखाली होतो. दाब खाली गेला की बारीक फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरला ती जास्तीचा ऑक्सिजन म्हणून दिसते. ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ आहे आणि तो पेट्रोल वाढवतो. इंजिन मात्र खरंच जास्त पीत असतं. पी-०१७१ (मिश्रण पातळ) हा कोड येऊ शकतो, सीओ वाढतो, कॅट तापतो. मफलर ओढताना वरचा फ्लेक्स (पाइपातला लवचीक जाळीदार तुकडा) चिरला किंवा मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या पहिल्या पाइपाच्या, गॅस्केटला झटका बसला, हे नेहमीचं. सेन्सरची वायर गरम पाइपाला टेकून वितळली का, तेही बघा.

ईसीयूचे कोड आणि आकडे फोनवर दाखवणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर घ्या. काम करण्याआधी आणि नंतर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, लिहून ठेवा. शून्याच्या दहा टक्के वरखाली असेल आणि आधीच्या आकड्याशी जुळत असेल तर ठीक. आधी २ होता आणि आता १४ झाला तर फट आहे. कोड नुसता पुसून दिलेली गाडी घेऊ नका. पुसल्यावर ईसीयूच्या सगळ्या तपासण्या नव्याने पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि तोपर्यंत दिवा बंद असणं म्हणजे काही सिद्ध होणं नाही.

प्रश्न : सोसायटीत तक्रार नको, पण आत बसल्यावर इंजिन ऐकू यावं. असं होतं का? (ठाणे)

उत्तर : होतं, आणि आमच्या मते हाच सर्वांत शहाणा मार्ग आहे. चालकाला जे ऐकू येतं त्यातलं बरंच इंजिन हवा ओढताना होतं, आणि ते मुख्यतः जोरात पाय दाबल्यावरच. आयडलला गाडी गप्प राहते. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या अलीकडे, हवा येण्याच्या नळीला एक पोकळ प्लॅस्टिकचा डबा असतो. तो काढून ते तोंड टोपीने घट्ट बंद केलं की ठरावीक आरपीएमला हवेचा खर्ज केबिनमध्ये उतरतो. डबा जपून ठेवा, आवडलं नाही तर परत लावा. फिल्टरनंतरच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीला हात लावू नका. तिथे हवा मोजणारा सेन्सर आणि क्रँककेसची नळी असते.

उघडा शंकूसारखा फिल्टर मुंबई-ठाण्यात तरी नकोच. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवेचं तोंड खाली आणलं तर साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी पितं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तेल लावायचे कापडी फिल्टर जास्त तेल झालं की हवेच्या सेन्सरच्या तारेवर थर धरतात.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, मफलर ब्रँडेड आहे म्हणजे कायदेशीर आहे. पोलीस आवाज मोजतात का? पीयूसी असलं की झालं ना? (पुणे)

उत्तर : पीयूसीत आवाज मोजतच नाहीत, त्यामुळे ते प्रमाणपत्र इथे उपयोगी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२० व्या नियमाप्रमाणे सायलेन्सर असणं आणि आवाज मर्यादेत असणं दोन्ही सक्तीचं आहे. नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला मान्यतेच्या वेळी, गाडी मायक्रोफोनसमोरून वेग घेत जाताना, ७४ डेसिबलची मर्यादा आहे. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला ८०. ही चाचणी चौकात होत नाही. चौकात कान आणि नजर यांवरच बऱ्याचदा ठरतं, म्हणून मोठं चकचकीत टोक लावणारे आधी थांबवले जातात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली हवा किंवा आवाजाचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. कलम १८२-अ(४) मध्ये मालकाने परवानगीबाहेर बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. डब्यावर कोणाचा शिक्का आहे याने फरक पडत नाही. तो भाग त्या गाडीसाठी मान्यताप्राप्त आहे का, हा प्रश्न असतो, आणि दुकानदाराकडे तसा कागद बहुधा नसतो. म्हणजे वरची सगळी उत्तरं पाळून केलेला शांत मफलरही धूर आणि इंजिनाच्या दृष्टीने निर्दोष असेल, पण कायद्याचं पूर्ण कवच त्याला नाही. पूर्ण निर्धास्त राहायचं असेल तर कंपनीच्याच यादीतला भाग घ्या किंवा आय-ट्वेंटी एन-लाइनसारखी, कारखान्यातूनच वेगळा आवाज घेऊन आलेली गाडी.

आवाज किती वाढला हे स्वतः ताडून पाहायचं असेल तर उघड्या मैदानात, टोकापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांत, टोकाच्याच उंचीवर फोन धरा आणि ३७५० आरपीएमला आकडा घ्या. फोनचा आकडा खरा मानू नका, पण त्याच फोनने, त्याच जागी, आधी आणि नंतर घेतलेला फरक विश्वासार्ह असतो. तीन-चार डेसिबलच्या वर गेलात तर शेजाऱ्यांना कळलेलं आहे.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात असतो. मुलाला जुन्या सिव्हिकचा एक्झॉस्ट बदलायचा आहे. इथे काय चालतं? (फ्रीमाँट)

उत्तर : कॅटच्या पलीकडचा, ज्याला तिथे कॅट-बॅक म्हणतात, तो पाइप-मफलरचा संच बदलायला कार्बचा, म्हणजे तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा, मान्यता क्रमांक लागत नाही. हलक्या गाड्यांना आवाजाची मर्यादा ठरलेल्या चाचणीत ९५ डेसिबल. पण इंजिन ते कॅट या भागातला हेडर किंवा कॅट बदलला आणि त्यावर त्या गाडीसाठीचा क्रमांक नसेल, तर स्मॉग चेकमध्ये, म्हणजे तिथल्या पीयूसीसारख्या तपासणीत, धूर स्वच्छ असला तरी नुसत्या नजरेच्या तपासणीत गाडी नापास होते. जुनी सिव्हिक घेतानाच गाडीखाली वाकून पाहा. कॅटवर क्रमांक आणि बाण कोरलेला आहे का, आणि वेल्ड ताजे आहेत का. तिथे कॅट चोरीला जातात. आधीच्या मालकाने स्वस्तातला बसवलेला असेल तर तो बदलण्याचा खर्च मुलाच्या मफलरच्या कितीतरी पट येईल.

प्रश्न : नुसतं टोक मोठं लावलं तर आवाज बदलतो का? (वसई)

उत्तर : जवळजवळ नाही. लावायचंच असेल तर दोन बोल्टच्या क्लॅम्पने लावा, एका स्क्रूवर नको, तो रस्त्यात पडतो. आणि आतला व्यास पाइपापेक्षा लहान असलेलं टोक घेऊ नका.